रक्ताला दोष

कयलविळीने यंत्राचं झाकण उघडलं. फिरून थांबलेल्या नळ्या आत गोल करून बसल्या होत्या. दुपारचे तीन, काचांवर चेन्नईचं ऊन, आणि सगळी प्रयोगशाळा पाण्याखाली गेल्यासारखी सुस्त.

पहिल्या नळीत रक्त तळाशी बसलं होतं, वर नितळ पाणी. तिच्यात सोन्याचे गोल नॅनोकण होते, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. दुसरी नळी मात्र वरपासून खालपर्यंत गुलाबी. तिच्यात सुईसारखे कण. सोनं तेच, वजन तेच, फक्त आकार वेगळा. आणि सुयांनी रक्तपेशी फोडल्या होत्या.

चार वर्षं तिने त्या सुया वाढवल्या होत्या. त्यांच्यावर बसवून औषध माणसाच्या रक्तात सोडायचं, हे तिचं स्वप्न. प्रबंधही त्यावरच उभा.

इथले संशोधक प्रयोगासाठी रक्त आपसातच, आळीपाळीने देतात. याआधी तीनदा नळी गुलाबी झाली आणि तिन्ही वेळा तिने रक्ताला दोष दिला. सेल्वी म्हणे उपाशी होती. एळिलनला ताप येऊन गेला होता. तिसऱ्यांदा स्वतःचं घेतलं, तर काढताना हात थरथरला. आपल्या लेकराला वाईट म्हणायचं टाळायला माणूस किती आडवळणं घेतो!

आज रक्त देणाऱ्यांच्या यादीत कोणी उरलं नव्हतं. तेव्हा शिपाई दुरैसामींनी आपणहून बाही वर सारली. "घ्या अम्मा. अठ्ठावन्न वर्षं मुरलंय. तुमच्या सुयांना दाद देणार नाही."

आता ते दारात उभे होते. "काय म्हणतंय आमचं रक्त?"

तिने नळी उजेडात धरली. गुलाबी रंग बोटांवर, पांढऱ्या कोटावर उतरला. इतका सुंदर, की क्षणभर वाटलं, काही बिघडलेलंच नाही.

दुरैसामींनी वाकून दोन्ही नळ्या पाहिल्या. चेहरा पडला. "अम्मा, सकाळी विडी ओढली होती मी. त्यानेच झालं असणार." मग हळूच म्हणाले, "तसंच लिहून टाका ना. माझं काय जातंय?"

तिने पेन उचललं. वहीवर टेकवलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"नाही अण्णा," ती म्हणाली, "तुमचं रक्त चांगलं आहे. माझ्या सुयाच मारक आहेत."

आणि तेच लिहिलं.

एरवी दुरैसामी तिच्यासमोर कधी बसत नसत. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसून राहिले, दुखवट्याच्या घरी बसतात तसे.