बसच्या पुढ्यात

“बाबा, गुडघे आत घ्या. आणि वळताना माझ्याबरोबर झुका, उलटं नको,” मुलगी म्हणाली, आणि मोटारसायकल गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली.

बाबांनी सीटमागचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला. एकतीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस, पण दुचाकीवर मागे बसायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. डोळ्याच्या ऑपरेशननंतरची तपासणी दहाला होती आणि एकही रिक्षावाला तिकडे यायला तयार नव्हता. मुलगी रोज सकाळी घरोघरी फिरून रक्ताचे नमुने गोळा करायची, लॅबला पोचवायची. तिला हा रस्ता तोंडपाठ होता.

दुचाकीवाल्यांना बाबा चिलटं म्हणत. बसच्या उंच सीटवरून ती तशीच दिसायची. कुठूनही येणारी, कुठेही घुसणारी. आता ते स्वतःच त्या चिलटांत येऊन बसले होते. बसची चाकं खांद्याला भिडतील की काय असं वाटत होतं. कोणाचा तरी आरसा कोपराला घासून गेला. एक सुतार पाठीला आख्खं दार बांधून दुचाकीवरून निवांत चालला होता. मुलगी हॉर्न जवळजवळ वाजवतच नव्हती. पुढचा माणूस पाऊल जरासं बाहेर काढायचा आणि ही डावीकडून निघायची. शेजारचा नुसती मान कलती करायचा आणि ही वेग कमी करायची. बाबांना ही भाषा येत नव्हती, पण सगळ्यांचं आपसांत काहीतरी बोलणं चाललंय एवढं त्यांना जाणवलं.

चौकात सिग्नल लाल होता. एक बस उभी होती आणि तिच्या पुढ्यात पन्नासेक दुचाक्या दाटीवाटीने थांबल्या होत्या, त्यांत हे दोघंही. बसच्या अगदी नाकाशी एक स्कूटर होती. चालवणारी बाई, मागे चारेक वर्षांची पोर. त्या पोरीच्या पायातला बूट खाली पडला. ती सीटवरून घसरत उतरली आणि बूट घालायला रस्त्यात उकिडवी बसली. आईला पत्ताच नव्हता. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, सगळा घोळका सुटला, आणि त्या लोंढ्याबरोबर आईही पुढे गेली.

ड्रायव्हरच्या त्या सीटवरून काय दिसतं, हे बाबांइतकं कोणाला ठाऊक असणार? काचेखालचे पाच-सहा फूट दिसतच नाहीत. उकिडवं बसलेलं पोर तर नाहीच नाही. ब्रेकची हवा सुटल्याचा ओळखीचा फुस्स आवाज आला, म्हणजे बस आता निघणार. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

मुलीने त्याआधीच हॅन्डल फिरवलं होतं. तिने मोटारसायकल थेट बसला आडवी घातली. पलीकडून सुतार आपलं दार घेऊन आडवा आला. टायवाला एक साहेब आला. मोपेडवर पिठाची पोती लादलेली एक म्हातारी आली. कोणी कोणाला हाक मारली नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सगळे हॉर्न मात्र एकदम वाजले, जणू एकाच गळ्यातून.

बस गचका खाऊन थांबली.

बाबांच्या गुडघ्यापासून बंपर वीतभर लांब होता. त्यावरचे रंगाचे पोपडे त्यांना दिसत होते. त्यांनी वर पाहिलं. काचेत आभाळ होतं. ड्रायव्हर दिसत नव्हता.

मग खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं. “रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?”

बाबांनी मान खाली घातली. दिवसातून दहादा तरी हे वाक्य त्यांनी अशाच खिडकीतून खाली फेकलं होतं. ते खाली कसं ऐकू येतं, हे आज कळलं.

टायवाल्याने पोरीला काखेत हात घालून उचललं. आई स्कूटर तशीच टाकून उलटी धावत आली होती. तिने लेकीला छातीशी धरलं. म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जा बाळा, नीट जा.” मुलीने वाकून बूट उचलला, पोरीच्या पायात चढवला आणि परत किक मारली. बघता बघता सुतार गेला, साहेब गेला, म्हातारी गेली. मागून बस निघाली. आपल्या चाकापुढे काय होतं, हे त्या ड्रायव्हरला कळलंच नाही. पुढच्या थांब्यावर तो कंडक्टरला सांगेल, या दुचाकीवाल्यांनी नुसता उच्छाद मांडलाय.

बाबांना घरच्या भिंतीवरचं प्रशस्तिपत्र आठवलं. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. खाली डेपो मॅनेजरची सही. पाहुणा आला की ते आधी तिकडे बोट दाखवायचे.

मग पुढे झुकून मुलीच्या कानाशी म्हणाले, “तू ओळखतेस का गं त्यांना?”

“कोणाला, बाबा?” तिने विचारलं.

समोर पार पुढच्या चौकापर्यंत पाठीच पाठी होत्या, शेकडो. त्यांतली एकही वळून पाहत नव्हती. बाबांनी दांड्यावरचे हात सोडले आणि आपल्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ते एकेक पाठ पाहत राहिले.