निरंक

बिनचालक गाड्यांसाठी रस्ता तयार असल्याचा दाखला राज्याला धाडायचा होता आणि नेमका एक रकाना अडला होता. ‘अडथळे’ या शब्दापुढं निरीक्षक बाई ‘निरंक’ लिहायला तयार नव्हत्या. रिकामा रकाना दिसला की त्यांचे साहेब तगादा लावायचे.

चाचणीची गाडी रोज भर दुपारी बाराव्या खांबापाशी आपोआप थांबायची. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, पण गाडीतल्या पडद्यावर उमटायचं: पादचारी, एक.

“यंत्राला भास होतात, बाई,” साहेब म्हणाले. “उद्यापासून ती जागा वगळायला सांगितलंय. गाडी थांबणारच नाही. निरंक लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“आणि कोणी असलं, तर तुडवायचं?”

“अहो, कोणी नाहीये तिथं!”

“मग मीच उभी राहते,” म्हणत बाई तरातरा खांबापाशी गेल्या.

साहेबांना घेऊन गाडी आली आणि थांबली. साहेबांनी पडदा दोनदा वाचला: पादचारी, दोन.

त्यांनी काच खाली केली. “बाई, हात असा बाजूला का धरलाय?”

“मी कुठं धरलाय?” बाई म्हणाल्या. त्यांची बोटं कोणी घट्ट आवळून धरावीत तशी पांढरी पडली होती, पण पाय तसूभरही हलले नव्हते. “आता तुम्हीच लिहा, साहेब. निरंक.”