कंदीलपुष्प सुरक्षित

कड्याच्या कपारींत यंदा कंदीलपुष्पाची अकरा फुलं उमलली होती. त्यांच्यावर येणारी इवलीशी माशी नामशेष झाली, तेव्हापासून तिचं काम ठकूबाई झोरे करत होत्या. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं आणि बारीक कुंचल्यानं एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायचा. हे एकविसावं वर्ष. गुडघ्यांनी केव्हाच दगा दिला होता.

सात फुलं झाली, तेवढ्यात वरून वनाधिकारी रेवती कारखानीसची हाक आली. "मावशी, वर या. आता गरज नाही. कंदीलपुष्प संकटग्रस्त यादीतून निघतंय. आज 'सुरक्षित' अशी नोंद करायचीय."

"सुरक्षित? अकरा फुलांवर?"

"प्रयोगशाळेत त्याची जनुकं जपलीत. हवं तेव्हा काचेच्या पेटीत वाढवता येतं. म्हणून नोंद झाली की कड्याचं संरक्षण उठणार. इथे खाण होईल."

ठकूबाई दोराला तशाच लोंबकळत राहिल्या. आता पुरे, असं कुणीतरी म्हणावं म्हणून त्या कित्येक वर्षं थांबल्या होत्या. ते ऐकून सुटल्यासारखं मात्र वाटेना. उलट अंग अधिकच जड झालं.

"बी धरायला चाळीस दिवस लागतात, बाई. तेवढे द्या. पलीकडच्या डोंगरावर टाकून येते."

"तिथे रुजेल?"

"कुणास ठाऊक."

रेवतीनं हातातल्या यंत्राकडे पाहिलं. बोट टेकवलं की नोंद होणार होती. तिनं यंत्र बंद करून पिशवीत टाकलं, कातळाला टाच रोवली आणि दोर दोन्ही हातांनी धरला.

"सावकाश उतरा, मावशी. खालची चार राहिलीत."