दुसरा विमा

"हेमांगी, आरोग्य बचत खात्यावरची करसवलत तुला मिळणार नाही," डॅलसचे करसल्लागार दामलेकाका म्हणाले. "तुझं नाव दुसऱ्याही विम्यात आहे. श्रीरंगच्या कंपनीच्या. असा दुसरा विमा असला की अमेरिकेत ही सवलत जाते."

नवऱ्याचं घर सोडून तिला वर्ष होत आलं होतं. रागाने दोघांनीही एकमेकांना फोन केला नव्हता. आज तिने काकांसमोरच लावला.

"श्रीरंग, विम्यातून माझं नाव काढलं नाहीस?"

"तुला दमा आहे. त्यात एकटी राहतेस." तो चाचरला. "काढू का आता?"

"नको," ती कशीबशी म्हणाली. "मीच माझ्या आरोग्य बचत खात्यात भरलेले पैसे परत काढून घेते."

काकांनी हळूच विचारलं, "मग यंदाचं रिटर्न वेगळं भरायचं, की दोघांचं मिळून?"

हेमांगीने फोन अजून कानाला धरलेलाच होता.

"थांबा," ती म्हणाली, "त्यालाच विचारते."