मोकळी जागा

रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सरकारच्या जमिनीत, खासगी बिल्डर स्वस्त घरं बांधणार होता. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. जनसुनावणीला आलेल्या आनंदीबाईंनी नकाशातल्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हितं काय येणार गो?"

"बालोद्यान, आजी," आर्किटेक्ट स्वप्ना म्हणाली. "मोकळीच जागा आहे. जांभ्याचे दहा-बारा चिरे तेवढे पडलेत. मोजणीच्या दिवशी त्यातल्याच एकावर बसून डबा खाल्ला मी."

आनंदीबाईंचं बोट हललं नाही.

"दात न आलेलं पोर आम्ही जाळत नाही, बाय. पुरतो. वर चिरा ठेवतो."

स्वप्नाने चौकोनावर काट मारायला घाईघाईने पेन उचललं.

"ऱ्हावंदे," आनंदीबाई म्हणाल्या. "माझी तिघं कधी खेळलीच नाहीत."