चाळणीतला पाहुणा

"स्वच्छ आहे ना गं?" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता बाईंनी विचारलं.

"हो बाई," त्यांच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर काम करणारी ती म्हणाली. बाईंनी ओल्या कुंचल्याच्या टोकावरचं कवच नमुने ठेवायच्या काचझाकणी पट्टीच्या रिकाम्या खणात अलगद ठेवलं.

कवच एका समुद्री जीवाचं, धुळीच्या कणाएवढं. ज्या लाल दगडातून ते निघालं तो डोंगरमाथ्यावरचा. पण कोणे एके काळी तो खोल समुद्राच्या तळाचा चिखल होता. तो फोडायचा, आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ चाळणीवर धुवायचा आणि त्यातून कवचं वेचायची. सगळा सोशिकपणाचा धंदा. तिच्या सासूबाई फोनवर विचारायच्या, विरघळले का गं तुझे दगड, की आधी मीच विरघळू?

या खेपेला विरघळले होते. त्यातल्या या एका कवचाची जात फार जुनी. ते त्याच थरातलं असेल, तर तिथला समुद्र सगळे मानतात त्याच्या कितीतरी आधीपासून पसरलेला होता. असा शोध नावावर असला की नवऱ्याच्या गावच्या विद्यापीठातली कायमची जागा तिची. नसला तर पुन्हा कंत्राट आणि पुन्हा ही भाड्याची एकटीची खोली.

फक्त कवच निळसर होतं.

प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी निळ्या रंगात बुडवायची, ही बाईंनीच लावलेली शिस्त. आधीच्या दगडातलं एखादं कवच जाळीत अडकून राहिलं, तर ते रंग पितं आणि पुढच्या गाळात निळं उठून दिसतं; रंग न लागलेलं ते स्वच्छ. त्याला तिथे पाहुणा म्हणत. पाहुणा दिसला की बाहेर काढायचा, त्याची विचारपूस करत बसायचं नाही. हा पाहुणा फारसा रंगला नव्हता, पण रंगला होता. आणि बाईंना निळं दिसत नाही, हे तिनं केव्हाच ताडलं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळट दिसे. निळ्या टोपणाची बाटली समोर असून त्या कपाटभर शोधत. तिनं मनाची समजूत घातली: पारख बाईंची, निर्णय बाईंचा, आपण नुसतं हो म्हटलं.

शेजारच्या खोलीतल्या रसायनवाल्यांनी तेवढी कुरकुर केली. दगडातली मूलद्रव्यं सांगतात की हा चिखल जमिनीजवळ साचला, म्हणजे समुद्र मिटत आला तेव्हाचा. तुमचं कवच भलतंच काही बोलतंय, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना आधी आपलं यंत्र तपासून घ्यायला सांगितलं. बिचाऱ्यांनी खरोखरच यंत्र उघडून ठेवलं आणि कित्येक दिवस त्यात डोकं घातलं. तिला त्यांची कीव आली. तरी ती बोलली नाही. शोधनिबंध लिहून झाला.

मग डॉक्टरांनी हट्टच धरला म्हणून बाईंनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं.

परत आल्या त्या दिवशी त्या दारातच थबकल्या. खिडकीचे पडदे निळे आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही, म्हणाल्या. धुतलेत म्हणून दिसतायत, असं रसायनवाले म्हणाले, आणि सगळे हसले. ती हसली नाही. निबंध पाठवण्याआधी ती पट्टी एकदा दे, बाईंनी तिला सांगितलं, नव्या डोळ्यांनी बघून घेते.

पट्टी कपाटात होती. वरची काच जराशी सरकवून फुंकर मारली असती, तर कवच कुठल्या कुठे गेलं असतं. असे अपघात त्या कामात रोजचेच. त्यासाठी कुणी कुणाला बोल लावत नाही. निबंधाला पुरतील एवढे फोटो काढलेले होते, आणि ते काळेपांढरे होते. तिचा अंगठा काचेच्या कडेवर थांबला. मग तिनं काच घट्ट दाबून धरली आणि पट्टी बाईंसमोर ठेवली.

बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"निळं आहे," त्या म्हणाल्या.

"मला माहीत होतं, बाई."

पुढचं तिनं एका दमात सांगून टाकलं. जागेसाठी, घरासाठी आपण गप्प राहिलो. तुम्हाला निळं दिसत नाही हे ओळखलं होतं आणि त्याचाच फायदा घेतला. तुम्हाला स्वतःला तर याची कल्पनाही नव्हती.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पट्टी बाजूला सारली, दिवा बंद केला.

"निळं दिसत नाही हे डॉक्टरांनी मला पहिल्याच तपासणीत सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच ऑपरेशन पुढे ढकलत आले. म्हटलं, घाई कसली, प्रत्येक कवच हिला विचारूनच तर ठेवते."