बिशपची भेट

सिरिल ओल्डरॉइड बिशपला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा नॉरिसने आधी कागद मागितला.

"कसला कागद?"

"नसबंदीचा."

सिरिलने खांद्यावरची लाकडी पेटी खाली ठेवली. आत बिशप झोपला होता. फेरेट म्हणजे ससे धरायला बिळात सोडायचं मुंगसासारखं जनावर, आणि हार्थवेट गावातला नसबंदी केलेला हा एकमेव नर. वय बरंच, चेहरा धर्मगुरूचा.

"चौदा वर्षं आपण एका खाणीत कोळसा खणला," सिरिल म्हणाला, "आणि तू मला कागद मागतोस?"

"चौदा वर्षं बघितलंय तुला, म्हणूनच मागतोय."

सिरिलने खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. सही होती, शिक्का होता. नॉरिसने तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. कागदात खोट नव्हती. त्यामुळे त्याचा संशय थोडा वाढलाच.

त्याची मादी क्वीनी तीन आठवडे माजावर होती. फेरेटच्या मादीचं हे मोठं विचित्र असतं. नराशी गाठ पडली नाही, तर तिचा माज आपण होऊन उतरत नाही. अंगातलं रक्त आटत जातं आणि ती मरते. पिल्लं नको असतील तर वाटा दोनच. जनावरांच्या डॉक्टरची सुई, नाहीतर बिशप. पण सुई टोचलेली मादी पुन्हा बिळात ससा धरत नाही, असं हार्थवेटमध्ये शंभर वर्षं चालत आलं होतं. सुई निघून शंभर वर्षं झाली नव्हती, पण त्याने काही बिघडत नव्हतं. फेरेट क्लबात सुईचं नाव काढणं म्हणजे कीर्तनात लावणीची फर्माईश करणं.

नॉरिसच्या बायकोने, हिल्डाने, तीन दिवस फोनवर शोधाशोध केली होती.

"हा म्हणतो सुई द्या. हा म्हणतो सुई अजिबात नको, अजमोद्याचा काढा द्या. आणि ही टेक्सासची बाई म्हणते, फक्त थेंब द्या."

"थेंब विकतं कोण?"

"तीच."

"ठेव तो फोन."

मग नॉरिस स्वतः चौकशीला निघाला होता. पोलिसांसारखा, दारोदार.

"बिशप येऊन गेला आणि आठवड्यात माझी उतरली," मॉड सग्डन म्हणाली. म्हणताना ती किटलीकडे बघत होती.

"आठवड्यात," अल्बर्ट पिकल्स म्हणाला. "केक ठेव मात्र. बिशपला नव्हे, सिरिलला."

आणखी तीन घरांतही 'आठवड्यात'च निघालं. खाणीत पाच माणसं शब्दाला शब्द जुळवून साक्ष देऊ लागली की ती आधी पबमध्ये भेटलीत असं नॉरिस समजायचा. पण या पाचही घरांतल्या माद्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तुकतुकीत, लालबुंद हिरड्यांच्या. त्यापुढे संशयाचं काय चालणार?

म्हणून आज सिरिल आला होता. त्याने बिशपला परसातल्या खोपटात क्वीनीजवळ सोडलं, दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात दोन तास बसून केकचे तीन तुकडे खाल्ले.

"आवाज कसा येत नाही?" नॉरिसने विचारलं. फेरेटचा समागम म्हणजे गल्लीतलं भांडण, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

"बिशप आहे तो," सिरिल म्हणाला. "शांतपणे करतो."

आठवडा गेला. दुसरा गेला. क्वीनीचा माज तसाच राहिला. शेपटीचे केस विरळ झाले, हिरड्या पांढरट पडल्या, आणि एका सकाळी तिने अंड्याकडे बघून तोंड फिरवलं.

"डॉक्टरकडे चल," हिल्डा म्हणाली.

"क्लबला कळलं तर?"

"क्लब मरत नाहीये, नॉरिस. क्वीनी मरतेय."

नॉरिसला तोवर सगळा उलगडा झाला होता. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात क्वीनीने सिरिलच्या मादीला हरवून चषक आणला होता. गावातल्या सगळ्या माद्या बऱ्या होतात, नेमकी आपलीच होत नाही. म्हणजे सिरिलने येताना बिशपला झोपेचं औषध पाजलं असणार. तरीच तो पेटीत घोरत होता.

"तिला काही झालं तर त्या माणसाच्या अंत्ययात्रेलासुद्धा जाणार नाही," तो म्हणाला. हार्थवेटमध्ये याहून मोठी धमकी नाही.

त्याने क्वीनीला बाजाराच्या पिशवीत घातलं, वर कोबीची पानं पसरली आणि शेजारच्या शहराची बस पकडली. डॉक्टर हेलन क्रॅबट्री तरुण होत्या. त्यांनी क्वीनीचा ओठ वर केला आणि रक्ताचा थेंब तपासला. नॉरिसने टोपी पिळून तिची दोरी करून टाकली.

"वाचेल," त्या शेवटी म्हणाल्या आणि सुई दिली. "पण चार दिवस उशीर केला असता तर काही खरं नव्हतं. इतके दिवस कशाची वाट बघत होता?"

नॉरिसने खाली मान घालून बिशपचं सांगितलं. "हे गावात कळायला नको," तो पुटपुटला.

"हार्थवेटचे का तुम्ही?" डॉक्टर थबकल्या. "आणि सुई न देता नुसतंच बिशपला बोलावलंत?"

"नुसतंच म्हणजे?"

"तुमच्या गावचे लोक इथून मादीला सुई देऊन नेतात, मग दुसऱ्या दिवशी लोकांना दाखवायला बिशपला बोलावतात. म्हाताऱ्याला तेवढाच फेरफटका." त्यांनी क्वीनीवर कोबीची पानं नीट पांघरली. "आणि पुढच्या दाराने कशाला आलात? कुणी बघितलं असतं तर? तुमच्या गावची रांग इकडे असते."

त्यांनी मागचं दार उघडलं. बाहेर बाकावर पाच जणं पिशव्या कवटाळून बसली होती, आणि पहिल्या नंबरला होता सिरिल ओल्डरॉइड, मांडीवर स्वतःची मादी घेऊन.